निर्वासित बालकाची भाषा : बाल-कुमार कादंबरीतील विस्थापनाचे एक आशयसूत्र

१

निर्वासितांविषयीच्या बाल-कुमार कादंबऱ्यांचा विचार बहुधा ‘घर’ या कल्पनेभोवती केला जातो. त्यास सबळ कारणही आहे. घर–प्रवास–घर हा बालकथेचा एक जुना आणि टिकाऊ रूपबंध आहे. मूल घराबाहेर पडते, संकटांना सामोरे जाते आणि काहीसे शहाणे होऊन घरी परतते. पेरी नोडेलमन यांच्यासारख्या बालसाहित्याच्या अभ्यासकांनी या रूपबंधाची चर्चा केलेली आहे. निर्वासित बालकाच्या कथेत नेमका याचा तिसरा घटक निखळतो. घर उरलेले नसते, किंवा उरले असले तरी तेथे परतता येत नाही. मग लेखकापुढे शेवटाचा पेच उभा राहतो आणि तो बहुतेक वेळा एकाच मार्गाने सोडविला जातो : घराच्या जागी आई-वडिलांची भेट येते. भिंती गेल्या तरी माणसे भेटली, म्हणजे घर भेटले, असा तो तोडगा असतो.

हा तोडगा भावनिकदृष्ट्या समाधानकारक आहे, आणि बालवाचकाला तो नाकारावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु घर आणि माणसे यांच्याखेरीज निर्वासित मुलाचे आणखी एक मोठे नुकसान झालेले असते आणि ते कथेच्या शेवटी भरून काढता येत नाही. ते नुकसान भाषेचे. काल जे मूल वर्गात पहिले होते, ते आज नव्या देशात बोबडे ठरते. त्याहून विलक्षण म्हणजे, काही महिन्यांतच ते नवी भाषा उचलते आणि त्याचे आई-वडील मागे राहतात. ज्यांच्या हाती मुलाचे रक्षण, तेच दुकानात, कचेरीत, शाळेत मुलाच्या तोंडाकडे पाहू लागतात. कुटुंबातील वडीलपणाचा क्रम उलटतो. या प्रकारातील श्रेष्ठ कादंबऱ्या हा उलटलेला क्रम पाहतात, आणि दुय्यम कादंबऱ्या तो झाकतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. मराठीत या अनुभवासाठी निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित, धरणग्रस्त असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांच्या छटा भिन्न आहेत. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत १९४७ नंतर उतरलेली सिंधी कुटुंबे ज्या पिढीने पाहिली, तिच्या कानांत ‘निर्वासित’ या शब्दाला फाळणीचा अर्थ चिकटलेला आहे. ‘विस्थापित’ हा शब्द धरणांच्या, प्रकल्पांच्या संदर्भात अधिक येतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या करारातील व्याख्येनुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याच्या सकारण भीतीने जो आपल्या देशाबाहेर आहे, तो निर्वासित. देशाच्या आतच उखडला गेलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही. कायद्याला हा भेद आवश्यक असला तरी दहा वर्षांच्या मुलाच्या जिभेला तो कळत नाही, हे पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवे.

२

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी बालसाहित्यात निर्वासित मुलांची जी कादंबरी सर्वाधिक वाचली गेली तिच्यात इयन सेरेलियर यांच्या ‘द सिल्व्हर सोर्ड’ (१९५६) या कादंबरीची गणना करावी लागेल. वॉर्सामधील बालिकी कुटुंबातील वडील शाळेचे मुख्याध्यापक; वर्गातील हिटलरचे चित्र भिंतीकडे तोंड करून फिरवल्याबद्दल त्यांना पकडून नेण्यात येते. आईलाही नेले जाते. रूथ, एडेक आणि ब्रोनिया ही तीन भावंडे आणि त्यांना येऊन मिळालेला यान हा अनाथ मुलगा १९४५ मध्ये पोलंडहून जर्मनी ओलांडून स्वित्झर्लंडकडे निघतात. कागद कापण्याची चांदीची एक छोटी तलवार ही त्यांची एकमेव खूण. शेवटी आई-वडील भेटतात आणि सर्वजण स्वित्झर्लंडमधील मुलांच्या एका आंतरराष्ट्रीय गावात स्थिरावतात. घराच्या जागी माणसांची भेट, हा वर उल्लेखिलेला तोडगा येथे अत्यंत निर्मळ स्वरूपात दिसतो.

कादंबरीचे यश नाकारण्याचे कारण नाही. भूक, थंडी, क्षयाने खंगत चाललेला एडेक, चोरीची सवय न सुटलेला यान यांचे चित्रण आजही वाचकाला धरून ठेवते. मात्र एक गोष्ट खटकते. पोलिश मुले रशियन सैनिकांना भेटतात, ब्रिटिश अधिकाऱ्याला भेटतात, बव्हेरियातील शेतकऱ्याच्या घरी राहतात, आणि जवळजवळ सर्वत्र संभाषण एकाच स्वच्छ, सुबोध इंग्रजीत चालते. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलत आहे हे वाचकाने फारसे विचारू नये, अशी निवेदकाची अपेक्षा दिसते. नद्या, सीमा, सैनिक यांचे अडथळे या कादंबरीत आहेत. उच्चाराचा अडथळा मात्र विरळाच आहे. एका ब्रिटिश शिक्षकाने ब्रिटिश मुलांसाठी लिहिलेल्या कथेत हे स्वाभाविक होते, आणि युद्धानंतर दहा-अकरा वर्षांनी शत्रुराष्ट्रातील शेतकऱ्यालाही माणूस म्हणून दाखविणे हेच तिचे धैर्य होते. तरीही त्यामुळे प्रवास सुकर होतो तो केवळ कथेत.

येथे कोल्हापूरच्या वाचकाला दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या आणि नंतर सुटका झालेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळीवडे येथील छावणीत राहिले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती आणि छावणीत पोलिश शाळा चालत. म्हणजे बालिकी भावंडांची काल्पनिक पायपीट चालू होती त्या १९४५ सालीच पंचगंगेच्या परिसरात खरीखुरी पोलिश मुले आपल्या भाषेत गणिते सोडवीत होती. छावणीने आपली भाषा शाळेत टिकवून धरली, ही बाब सेरेलियर यांच्या कादंबरीपेक्षा प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे.

ॲन हॉल्म या डॅनिश लेखिकेची ‘डेव्हिड’ (१९६३, इंग्रजीत ‘आय ॲम डेव्हिड’) ही कादंबरी भाषेचा प्रश्न चतुराईने हाताळते. डेव्हिड हा छळछावणीतच वाढलेला मुलगा. तेथील निरनिराळ्या देशांच्या कैद्यांकडून त्याने अनेक भाषा शिकून घेतल्या आहेत. त्यामुळे छावणीतून निसटल्यावर तो इटलीपासून डेन्मार्कपर्यंत वाट विचारीत जाऊ शकतो. कथानकाच्या सोयीसाठी योजलेली ही युक्ती लेखिकेने आशयात मुरवली आहे. डेव्हिडजवळ शब्द आहेत, पण त्या शब्दांच्या वस्तू त्याने पाहिलेल्या नाहीत. रस्त्यावर सापडलेले संत्रे खाण्याचे असते हे त्याला ठाऊक नसते. रंग इतके असू शकतात हे तो इटलीतील समुद्राकाठी प्रथमच पाहतो. प्रौढ कैद्यांकडून शिकल्यामुळे त्याचे बोलणे वयाला न शोभणारे, जपून बेतलेले आहे, आणि म्हणूनच भेटणाऱ्या माणसांना तो चमत्कारिक वाटतो. अनेक भाषा असून मातृभाषा नसलेले मूल, असे हे दुर्मिळ पात्र आहे. कादंबरीचा शेवट मात्र पुन्हा आईच्या दारातच होतो.

३

या परंपरेत ज्यूडिथ कर यांची ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ (१९७१) ही कादंबरी वेगळी ठरते, आणि तिच्याकडे अधिक सावकाशीने पाहणे अगत्याचे आहे. लेखिकेचे वडील आल्फ्रेड कर हे बर्लिनमधील ख्यातनाम नाट्यसमीक्षक; नाझींचे उघड विरोधक आणि ज्यू. १९३३ मध्ये कुटुंबाने जर्मनी सोडली. स्वित्झर्लंड, पॅरिस आणि लंडन असा त्यांचा प्रवास झाला. कादंबरीतील नऊ वर्षांची ॲना, तिचा भाऊ मॅक्स आणि आई-वडील हे या कुटुंबाचेच प्रतिरूप होय. स्वतःच्या मुलाने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा चित्रपट पाहून आईचे बालपण असेच गेले असावे असे समजावे, आणि त्यावरून लेखिकेला खरे काय घडले ते लिहावेसे वाटावे, ही कादंबरीच्या जन्माची हकिगत प्रसिद्ध आहे.

कादंबरीच्या नावातील गुलाबी ससा हे ॲनाचे खेळणे. निघताना एकच खेळणे नेता येईल असे सांगितल्यावर ती नवा लोकरी कुत्रा उचलते आणि ससा मागे ठेवते. पुढे घरातील सर्व सामान जप्त होते. बहुतेक समीक्षा या सशापाशी थांबते. परंतु पुस्तकाच्या पानांचा हिशेब केला तर सशाचा भाग थोडका आहे. पानेच्या पाने जातात ती शाळांमध्ये, शेजारपाजारच्या मुलांत आणि न कळणाऱ्या बोलण्यात.

लेखिकेने हे टप्पे क्रमाने चढत जाणारे ठेवले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये भाषा जर्मनच, पण संकेत निराळे. खेड्यातील मुले ॲनाला दगडमाती फेकून मारतात तेव्हा तिला वाटते की आपला द्वेष केला जात आहे. प्रत्यक्षात ती त्यांची प्रेम व्यक्त करण्याची रीत असते. शब्द समजतात, माणसे समजत नाहीत. पॅरिसमध्ये शब्दही जातात. ॲना दिवसभर ऐकते, मनातल्या मनात जर्मनचे फ्रेंच करते, आणि उत्तर तयार होईपर्यंत संभाषण पुढे गेलेले असते. भाषा शिकणाऱ्याचा हा थकवा बालकादंबरीत इतक्या बारकाईने क्वचितच आला असेल. मग एके दिवशी शाळेत एका साध्या प्रश्नाला ती विचार न करता उत्तर देऊन जाते, आणि आपण भाषांतर केले नाही हे तिच्या नंतर लक्षात येते. लेखिकेने या क्षणाला कोणताही डामडौल दिलेला नाही. तथापि कादंबरीचा खरा उत्कर्षबिंदू हाच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता वडिलांकडे पाहावे. आल्फ्रेड कर यांची सारी प्रतिष्ठा त्यांच्या जर्मन गद्यावर उभी होती. १९३३ च्या मे महिन्यात त्यांची पुस्तके जाळण्यात आली. कादंबरीतील वडील पॅरिसमध्ये निर्वासितांच्या जर्मन वृत्तपत्रासाठी लिहितात. मोबदला तुटपुंजा आणि वाचक मूठभर. याच सुमारास ॲना फ्रेंचमध्ये निबंध लिहिते, आणि त्याचा विषय असतो वडिलांचा तापाने फणफणत बर्लिनहून केलेला पलायनाचा प्रवास. या निबंधाला बक्षीस मिळते. प्रसंग आनंदाचा आहे आणि कथेत तो तसाच सांगितला आहे. परंतु प्रौढ वाचकाला त्याच्या तळाशी एक बोचरी गोष्ट दिसते : वडिलांची गोष्ट वडिलांना सांगता येत नाही अशा भाषेत मुलगी सांगते, आणि ती खपते. पुढे कुटुंबाला इंग्लंडचा रस्ता मोकळा होतो तो वडिलांचे नेपोलियनच्या आईवरील चित्रपटकथानक विकले गेल्याने; म्हणजे त्यांचे लेखनही परक्या भाषेत रूपांतर होण्याच्या अटीवरच स्वीकारले जाते.

कादंबरीच्या शेवटी इंग्लंडमध्ये आगगाडीतून जाताना मुलांना स्थानकावर ‘बोव्हरिल’ ही पाटी दिसते. ते त्या गावाचे नाव असावे असा तर्क होतो. पुढच्या स्थानकावरही तीच पाटी. ती एका मांसार्काची जाहिरात असते. प्रसंग विनोदी आहे. पण ज्या ॲनाने नुकतेच फ्रेंच जिंकले ती पुन्हा निरक्षर झाली, हे या विनोदातून कळते. भाषा गमावणे हे एकदाच घडत नाही, हे सांगण्यासाठी निवेदकाला एक वाक्यही खर्चावे लागलेले नाही.

या कादंबरीचे पुढील दोन भाग कुमारवाचकांच्या आणि प्रौढांच्या सीमेवरचे आहेत. पहिल्या भागात ॲनाला वाटत असते की सगळे एकत्र असलो तर कोठेही असलो तरी चालेल. १९७५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाचे मूळ नाव ‘द अदर वे राउंड’, म्हणजे नेमके उलट, असे होते. पुढे ते बदलण्यात आले. बाँबवर्षावाखालच्या लंडनमध्ये ॲना कमावती होते, वडील इंग्रजीत लिहू शकत नाहीत, आणि तिच्या ध्यानी येते की आता सुरक्षित वाटण्यासाठी आई-वडिलांनाच मुलांची गरज लागते. वडीलपणाचा क्रम उलटण्याची जी गोष्ट आरंभी मांडली, ती येथे लेखिकेने शीर्षकातच ठेवली होती. नाव बदलल्याने वाचकाच्या हातून एक खूण गेली, असे म्हणावेसे वाटते.

आणखी एक बाब. ज्यूडिथ कर यांनी हे सारे इंग्रजीत लिहिले. ती त्यांची शाळेत, निर्वासित म्हणून मिळालेली भाषा होती. १९७३ मध्ये आनेमारी ब्योल यांनी पहिल्या भागाचा जर्मन अनुवाद केला, १९७४ मध्ये त्याला जर्मन बाल-कुमार साहित्याचा पुरस्कार मिळाला आणि जर्मन शाळांतून तो शिकवला जाऊ लागला. मातृभाषेत ही गोष्ट परतली ती अनुवादाच्या रूपाने, दुसऱ्याच्या हातून. याच्या जोडीला ॲन फ्रँकची दैनंदिनी आठवावी. ती कादंबरी नव्हे. पण फ्रँकफुर्टला जन्मलेल्या आणि १९३४ मध्ये ॲम्स्टरडॅमला आलेल्या या मुलीने ती डचमध्ये लिहिली. जगाने निर्वासित मुलीचा आवाज म्हणून जो ओळखला, तोही मातृभाषेतील आवाज नव्हता.

४

कर यांच्या कादंबरीचे निवेदन तृतीयपुरुषी आणि ओघवत्या इंग्रजीत आहे. भाषा हरवल्याचे ते सांगते. पण ते वाचकाच्या स्वतःच्या वाचण्यात घडत नाही. ते घडविण्याचे प्रयत्न पुढील काळात झाले. त्यांपैकी दोन महत्त्वाचे आहेत.

थान्हा लाय यांची ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ (२०११) ही मुक्तछंदातील छोट्या कवितांची कादंबरी. लेखिका स्वतः १९७५ मध्ये सायगाव पडताना वयाच्या दहाव्या वर्षी कुटुंबासह निघाली आणि अमेरिकेतील अलाबामा राज्यात पोहोचली. नायिका हा हिचीही वाट तीच आहे. एका तेत सणापासून पुढच्या तेतपर्यंतचे एक वर्ष कादंबरीत येते. छोट्या ओळी, प्रतिमांवर भर, जोडशब्दांचा संकोच यांमुळे इंग्रजी वाचतानाही व्हिएतनामी विचाराची लय जाणवत राहते. शाळेत हा इंग्रजी आकडे म्हणून दाखवते तेव्हा तिचे कौतुक होते. सायगावला ती अपूर्णांकांची गणिते सोडवीत होती हे वर्गात कोणालाच ठाऊक नाही. हुशार मुलीला मठ्ठ ठरविले जाण्याचा जो अपमान येथे आहे, तो छळाच्या प्रसंगांपेक्षाही खोल जातो. इंग्रजीतील सकाराचा फूत्कार तिला बाईंच्या नावातही ऐकू येतो आणि तो लेखिका अक्षरे वाढवून कागदावर उतरवते. अनियमित अनेकवचनांवरील तिचा राग तर शाळेत इंग्रजी शिकलेल्या कोणाही मराठी वाचकाला आपला वाटेल.

पपई ही या कादंबरीतील मध्यवर्ती प्रतिमा. सायगावच्या अंगणातील पपईचे झाड हाने स्वतः वाढविलेले. अलाबामात तिला मिळते ती साखरेची सुकी पपई. ती तिला आवडत नाही, ती फेकून देते. नंतर पाण्यात भिजवून पाहिल्यावर अगदी ती नसली तरी काहीशी चालेल असे होते. अनुवादाविषयी याहून नेमके रूपक एखाद्या प्रबंधातही सापडणार नाही.

दुसरा प्रयत्न शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचा. ‘द अरायव्हल’ (२००६) या चित्रकादंबरीत शब्दच नाहीत. एक गृहस्थ बायको-मुलीला सोडून दूरच्या शहरी येतो. त्या शहरातील पाट्या, तिकिटे, अर्ज हे सर्व टॅन यांनी बनविलेल्या एका काल्पनिक लिपीत आहेत. प्राणी, फळे, यंत्रेही अनोळखी. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्यांच्या जुन्या छायाचित्रांचा आधार या चित्रांना आहे. येथे वाचक कितीही सुशिक्षित असो, तो त्या माणसाइतकाच निरक्षर असतो. शेवटच्या चित्रांत ती छोटी मुलगी दुसऱ्या एका नवागत बाईला रस्ता दाखवताना दिसते. मूल पुन्हा एकदा दुभाष्या झालेले आहे.

भाषा येत असूनही बोलता न येणे, हा या सूत्राचा दुसरा पदर. बेव्हर्ली नायडू यांच्या ‘द अदर साइड ऑफ ट्रूथ’ (२०००) या कार्नेगी पदक मिळालेल्या कादंबरीत लागोसचे पत्रकार फोलारिन सोलाजा यांच्या लेखनामुळे त्यांच्या पत्नीची हत्या होते. काळ १९९५ च्या नोव्हेंबरचा. केन सारो-विवा यांना नुकतीच फाशी झालेली. बारा वर्षांची सादे आणि तिचा धाकटा भाऊ फेमी यांना खोट्या नावांच्या पारपत्रावर लंडनला पाठविले जाते आणि सोबतची बाई त्यांना तेथे सोडून निघून जाते. सादेला इंग्रजी उत्तम येते. अडचण अशी की खरे नाव सांगितले तर वडील संकटात येतील. जी मुलगी सत्य लिहिणाऱ्या बापाच्या घरात वाढली, तिला सुरक्षिततेसाठी खोटे बोलावे लागते. अधिकाऱ्यांचे प्रश्न, अर्ज, कोऱ्या जागा यांच्यापुढे तिचे मौन हा येथे भाषिक व्यवहारच होतो.

फाळणीवरील वीरा हिरानंदानी यांची ‘द नाइट डायरी’ (२०१८) ही कादंबरीही मौनाची आहे. मीरपूर खास येथील निशा ही बारा वर्षांची मुलगी. वडील हिंदू डॉक्टर, दिवंगत आई मुस्लिम. ती माणसांशी फारशी बोलत नाही, मृत आईला पत्रवजा नोंदी लिहिते. जोधपूरच्या वाटेवरील भयानंतर तिचे बोलणे पूर्ण थांबते. काझी हा मुस्लिम आचारी निघताना तिला खलबत्ता देतो; ती वस्तू ‘सिल्व्हर सोर्ड’मधील तलवारीचे काम करते, पण अधिक खोलवर, कारण तिच्यात स्वयंपाकाची स्मृती कुटलेली आहे. मात्र निशा ही दैनंदिनी कोणत्या भाषेत व लिपीत लिहीत असेल, या प्रश्नावर कादंबरीचा भर नाही. मराठी वाचकाला तो प्रश्न टाळता येणार नाही. सिंधी भाषा सिंधमध्ये अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाई. फाळणीनंतर भारतात देवनागरीचा आग्रह आणि त्यावरून सिंधी समाजात मोठा वाद झाला, दोन्ही लिप्या चालू राहिल्या आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीचा समावेश १९६७ मध्ये झाला. उल्हासनगरच्या छावणीतील कितीतरी मुलांना आजोबांचे पत्र वाचता आले नसेल. ही कादंबरी अजून कोणी लिहावयाची आहे की काय, हे सिंधीच्या अभ्यासकांनी सांगावे.

५

२०१५ च्या सुमारास सीरियातून युरोपकडे निघालेल्या लोकांच्या लोंढ्यानंतर इंग्रजीत या विषयावरील बालकादंबऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली. त्यांच्याविषयी एक आक्षेप नोंदवणे अवश्य आहे. रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तके ही काही वाचकांना आरसा असतात, काहींना खिडकी, असा विचार मांडला. निर्वासितांविषयीची बहुतेक पुस्तके आश्रय देणाऱ्या समाजातील मुलासाठी खिडकी म्हणून बांधलेली आहेत. ऑन्जली रौफ यांच्या ‘द बॉय ॲट द बॅक ऑफ द क्लास’ (२०१८) मध्ये सीरियातून आलेला अहमत वर्गात मागे बसतो आणि गोष्ट सांगते ती त्याच वर्गातील दुसरे मूल. त्या मुलांची सद्भावना लोभस आहे, राणीपर्यंत जाण्याचा त्यांचा खटाटोप रंजक आहे. पण अहमत इंग्रजी शिकेपर्यंत कथेचा स्वामी होऊ शकत नाही. ही त्रुटी की प्रामाणिकपणा, याबद्दल दुमत संभवते. वर्गातील इतर मुलांना अहमत असाच दिसणार, हे खरेच आहे. तथापि सहानुभूती शिकविण्याच्या हेतूने लिहिलेल्या पुस्तकांत निर्वासित मूल वारंवार सोशिक, गुणी आणि कृतज्ञ निघते, यात शंका नाही. करांची ॲना कधीकधी चिडकी आहे, लायची हा तर चांगलीच भांडकुदळ आहे. आणि त्या दोघी लक्षात राहतात.

मराठीपुरता हा प्रश्न केवळ परदेशी पुस्तकांच्या आस्वादाचा नाही. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांचे जग प्रौढ कादंबरीत आणले. उखडलेल्या वस्तीतील मुलाचे नव्या शाळेत काय होते, हा तिच्याशेजारी उभा राहणारा कुमारकादंबरीचा विषय आहे. नर्मदाकाठच्या आदिवासी मुलांसाठी चाललेल्या जीवनशाळांमधून १९९० च्या दशकाच्या आरंभापासून पावरी-भिलोरी बोलींना वर्गात स्थान देण्याचा प्रयत्न झाला, तो याच जाणिवेने. डोंगरातून सपाटीवर पुनर्वसन झालेल्या मुलाने राज्याची सीमा ओलांडलेली नसते. मराठी प्रमाणभाषेची सीमा मात्र त्याला रोज ओलांडावी लागते. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे सहा-सहा महिन्यांचे स्थलांतरही या दृष्टीने वाचता येईल. कायद्याने ही मुले निर्वासित नाहीत. हाच्या वर्गातील बाकावर मात्र ती शेजारी बसू शकतील.

अशा पुस्तकांच्या मराठी अनुवादाचा विचार करू लागल्यास काही गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला सोप्या जातील. व्हिएतनामी कुटुंबात नात्याच्या शब्दांनीच एकमेकांना संबोधतात. लाय यांनी इंग्रजीत तिन्ही भावांच्या नावांमागे दर वेळी ‘ब्रदर’ शब्द ठेवला आहे आणि तो इंग्रजी कानाला मुद्दाम परका लागतो. मराठीत क्वांगदादा, खोयदादा म्हटले की परकेपणा उरत नाही; घरातील ऊब तेवढी उरते, आणि ती मूळ भाषेच्या अधिक जवळची आहे. परंतु त्याचबरोबर लेखिकेने साधलेला खडबडीतपणा गुळगुळीत होतो, हेही अनुवादकाने ओळखावे. ॲनाच्या बाबतीत पेच निराळा आहे. जर्मन घरात मुले वडिलांना एकेरीच संबोधतात. १९३३ मधील मध्यमवर्गीय मराठी घरातील मूल वडिलांना ‘तुम्ही’ म्हणेल. ‘तुम्ही’ ठेवल्यास दुसऱ्या भागात एक अनपेक्षित लाभ होतो : घराचा भार मुलीकडे गेलेला, इंग्रजीतील पत्रव्यवहार तिच्या हाती, आणि तोंडी मात्र आदरार्थी अनेकवचन तसेच. मूळ इंग्रजीत हा ताण दाखविण्याची सोयच नाही.

सर्वांत कठीण जागा बोव्हरिलची. अनुवादक बहुधा तेथे तळटीप देईल, किंवा वाक्यातच ‘बोव्हरिल नावाच्या मांसार्काची जाहिरात’ असा खुलासा पेरील. तसे झाल्यास मराठी वाचक ॲनाच्या आधी शहाणा होतो. पाटी नुसती देवनागरीत ठेवावी. मराठी मुलालाही ते गावाचेच नाव वाटेल, आणि दुसऱ्या स्थानकापर्यंत त्याला तसे वाटू द्यावे.